डोंग्याचं मॉडेल कसं बनवाचं, आणि घरातली जुनी बोट कशी नीट कराची

मॉडेल बोट म्हटली का लोकं पहिले टायटॅनिकचा नाहीतर तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचा किट शोधाले लागतात, आणि तिथंच काम अडते, किट महाग, पार्ट बारीक, आणि जे जहाज आपण कधी डोळ्यानं पाह्यलं नाही त्याचा आकार चुकला तरी आपल्याले समजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे का पहिलं मॉडेल आपल्या तलावावरच्या डोंग्याचं, म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या लाकडी नावेचं, बनवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यावर ढिवर लोकांची मासेमारी आहे, काठावर कुठंतरी एखादा लाकडी डोंगा ओढून ठेवलेला सापडतेच. वऱ्हाडाकडचे असाल तर धरणावर मासेमारीच्या नावा असतात, त्या चालतात. असली वस्तू घरापासून चालत जाण्यावर आहे, हात लावून पाहता येते, आणि ती चालवणारा माणूस समोर बसलेला आहे, त्याले विचारता येते. एवढी सोय कोणत्याच किटमध्ये नाही.

दुसरं कारण मले जास्त महत्त्वाचं वाटते. लाकडी डोंगे कमी होऊन राह्यले. फायबरच्या, पत्र्याच्या बोटी आल्या, एवढं मोठं खोड आता मिळत नाही आणि ते कोरणारे हातही थकले. एका डोंग्याचं नीट माप घेऊन कागदावर उतरवलं तर तो आकार राहते. म्हणून या सगळ्या कामात मी सगळ्यात जास्त वेळ मापाले देतो, लाकडाले नाही.

माप घ्याले उन्हाळा चांगला. एप्रिल-मेमध्ये तलावाचं पाणी मागं सरते, डोंगे काठावर कोरडे पडलेले असतात. सकाळी लवकर जा, दहानंतर त्या उन्हात लाकडाले हात लागत नाही. आधी ज्याचा डोंगा आहे त्या काकांले विचारा, चप्पल काढूनच आत पाय टाका, आणि त्यांच्यासोबत एकदा पाण्यावर जाऊन या, कारण माणूस कुठं बसते, बांबू कसा लावते, जाळं कुठं ठेवते, रिकामा डोंगा किती वर तरंगते आणि भरल्यावर किती बुडते हे काठावर उभं राहून समजत नाही. पाण्याची रेघ कुठंपर्यंत येते ते खडूनं बाहेरून खूण करून ठेवा, ही खूण पुढं लय कामात येते.

सामान काही महागाचं लागत नाही. फुटाचा टेप, सुतळी, मिस्त्रीचा ओळंबा, पाण्यानं भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी, खडू, जाड पुठ्ठा, वही. डोंगा विटांच्या टेकूवर सरळ बसवाचा, नळीनं लेव्हल पाहून घ्याची. मंग पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध सुतळी ताणून बांधाची, ही आपली मधली रेघ, सगळी मापं हिच्यापासूनच. सुतळीवर दर 2 फुटावर खूण करा. समजा डोंगा 16 फुटाचा आहे तर टोकं धरून 9 जागा येतात. प्रत्येक जागी ओळंबा सोडून तळ किती खोल आहे ते घ्या, आणि तळापासून 4 इंच, 8 इंच, 12 इंच अशा उंचीवर मधल्या रेघेपासून भिंत किती लांब आहे ते घ्या. डावीकडचं वेगळं आणि उजवीकडचं वेगळं लिहा. हातानं कोरलेला डोंगा दोन्ही बाजूनं सारखा नसतेच, झाड जसं होतं तसा तो थोडा वाकलेला राहते. हा वाक मॉडेलमध्ये सरळ करू नका असं माझं मत आहे, त्या वाकावरूनच तर तो डोंगा ओळखू येते. बाहेरच्या गोलाईसाठी पुठ्ठा भिंतीले लावून कापत कापत बसवाचा आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर नंबर टाकाचा, नाहीतर घरी आल्यावर कोणता कुठला ते समजत नाही. फोटो काढताना जवळून काढू नका, दूर जाऊन झूम करून काढा, जवळून काढला का पुढचं टोक मोठं आणि मागचं लहान दिसते आणि त्या फोटोवरून माप घेता येत नाही.

आता स्केल. आपल्याकडं सगळं फुटा-इंचात मोजते म्हणून 1:12 घ्या, म्हणजे फुटाचा एक इंच. 16 फुटी डोंगा 16 इंचाचा होते, अडीच फूट रुंदी अडीच इंच होते, सव्वा फूट उंची सव्वा इंच. डोक्यात हिशोब होते, कॅल्क्युलेटर लागत नाही. पण वजनाचा हिशोब वेगळा आहे आणि इथं लोकं फसतात. लांबी 12 पट कमी केली का वजन 12 गुणिले 12 गुणिले 12, म्हणजे 1728 पट कमी व्हाले पाह्यजे. माणसासकट डोंग्याचं वजन 250 किलो धरलं तर मॉडेल साधारण 145 ग्रॅमचं पाह्यजे, तेव्हा ते खडूच्या त्या खुणेवर बरोबर तरंगते. यापेक्षा जड झालं तर बुडल्यासारखं दिसते, हलकं झालं तर पाण्यावर पान तरंगल्यासारखं उडते.

ग्राफ पेपरवर तीन चित्रं काढा, वरून, बाजूनं आणि आडवे काप. ठिपके टाकले का ते स्केलपट्टीनं जोडू नका. बांबूची एक पातळ, एकसारखी सोललेली कमची घ्या, ठिपक्यांवरून वाकवा, दोन्हीकडून काहीतरी जड ठेवा आणि पेन्सिल फिरवा. कमची एखाद्या ठिपक्यावर बसाले तयार नसली तर समजाचं का ते माप घेताना काहीतरी गडबड झाली, परत जाऊन मोजा. मोठमोठ्या जहाजांच्या कारखान्यात पण लाकडाच्या पट्ट्या वाकवूनच वळणं काढत होते, पद्धत तीच.

लाकडाचं बोलू. आलापल्ली-बल्लारपूरचा साग सगळ्यांले माहीत आहे, 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथूनच सागवान गेलं, पण एवढ्या छोट्या डोंग्याले साग थोडा जड पडते आणि रेषा ठसठशीत असल्यामुळं छोट्या वस्तूवर त्या मोठ्या दिसतात. माझी पसंती शिवण. हलकं आहे, सागाच्या पाऊणपट वजनाचं धरा, पटाशीखाली छान चालते आणि सुकल्यावर वाकत-तडकत नाही. सावर आणि पांगारा त्यापेक्षा हलके, पोट्ट्यांले शिकवाले एकदम चांगले, पण लवकर दबतात, पाणी पितात आणि किडाही लवकर लागते. हळदू मिळालं तर वल्हं, टोकं अशा बारीक कामासाठी जपून ठेवा, त्याचं पोत लय बारीक असते. झाड तोडाची काही गरज नाही, फर्निचर बनवणाऱ्या वाढईकडं किंवा आरा मशीनवर तुकडे पडलेले असतात, त्यातलाच 18 इंच लांब, 3 इंच रुंद आणि दीड-दोन इंच जाड तुकडा मागा. मधला गाभा आलेला तुकडा घेऊ नका, तो हमखास फुटते. ओलं असलं तर दोन्ही टोकांले मेण नाहीतर जुना पेंट लावून सावलीत, हवेशीर जागी ठेवून द्या. लाकडाचं पाणी टोकातून लवकर उडते आणि मधातून हळू, म्हणून टोकं आधी आकसतात आणि चिरतात. मे महिन्याच्या उन्हात ठेवून लवकर वाळवाचं कोणाच्या मनात असलं तर ते लाकूड गेलं समजा.

कोराचं काम या क्रमानं करा आणि क्रम सोडू नका. पहिले तुकडा रंध्यानं चौकोनी, काटकोनात करून घ्या आणि सहाही बाजूंवर मधली रेघ मारा. वरचं चित्र चिकटवून त्या आकारात कापा. कापताना निघालेले तुकडे फेकू नका, टेपनं परत जागेवर चिकटवा म्हणजे बाजूचं चित्र लावाले सपाट जागा मिळते, मंग बाजूचा आकार कापा. आता डोंग्याचा ढोबळ आकार हातात आला. बाहेरची गोलाई पटाशीनं आणि कानशीनं, प्रत्येक जागेचा पुठ्ठ्याचा साचा लावून लावून, आणि तुम्ही घेतलेले ते मोठे पुठ्ठे आता 1:12 नं छोटे करून कापून घ्याचे. बाहेरचं पूर्ण झाल्याशिवाय आत हात लावाचा नाही, कारण आतून पोकळ झालं का शिकंज्यात धरता येत नाही, दबते.

आतून पोकळ करताना भीती राहते का भोक पडलं तर. त्यासाठी ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून खोली पक्की करा आणि आत जागोजागी भोकं पाडून घ्या, तळाले 5 मिलिमीटर राहील एवढी. मंग गोल पटाशीनं भोकांचे तळ दिसेनासे होईपर्यंतच खोदाचं, तिथं थांबाचं. असली डोंग्याची भिंत दीड इंच असली तर मॉडेलची 3 मिलिमीटर येते, पहिल्या वेळी 4 ठेवा, नंतर घासून कमी करता येते. पटाशीपुढं दुसरा हात कधीच ठेवाचा नाही, तुकडा नेहमी शिकंज्यात. पॉलिश पेपर 80 पासून सुरू करून 120, 220, बस. 400 नं घासून गुळगुळीत करू नका, डोंगा गुळगुळीत नसते.

बसाची फळी किंवा टोकाचे तुकडे चिकटवाले साधा फेविकॉल नको, तो पाण्यात सुटते, मरीनवाला घ्या. भोक-चीर बुजवाले अराल्डाइट. एक गोष्ट आपल्याकडच्या हवेची. उन्हाळ्यात 44-45 डिग्रीत अराल्डाइट कालवल्यावर लय लवकर आवळते, म्हणून थोडं थोडं कालवा आणि सकाळी काम करा. पावसाळ्यात उलटं, फेविकॉल वाळतच नाही आणि लाकूड फुगलेलं असते, त्यावेळी बसवलेला जोड हिवाळ्यात सैल होते. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ या कामाले सगळ्यात चांगला.

रंगाचं म्हणाल तर चमकणारा व्हार्निश मारू नका. उकळलेलं जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात बेल तेल म्हणून मिळते, त्यात तेवढंच टर्पेंटाइन टाकून कपड्यानं पातळ हात द्या, पुसून घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुसरा हात. घाणीचं खाण्याचं तेल लावलं तर ते कितीतरी दिवस चिकट राहते. आणि हे नीट वाचा, तेलाचे कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होते, चुरगळलेल्या कपड्यात ती उष्णता कोंडते आणि आपोआप आग लागते, हे खरंच होते, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. कपडे पाण्यात बुडवा नाहीतर एकेक पसरून वाळवा. तळाले डांबरासारखा काळा रंग पाह्यजे असला तर काळा मॅट पेंट, तो पण कपड्यानं पुसत पुसत, म्हणजे जुना वाटते.

जाळं पाह्यजे तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चहाच्या पाण्यात उकळा, रंग बरोबर येते. बांबूची काठी बांबूचीच, पातळ सोलून.

पाण्यात टाकण्याआधी वजन करा. शिवणीचा डोंगा एवढा पोकळ केल्यावर शंभर ग्रॅमच्या आसपास राहते, बाकीचं वजन आपण भराचं. त्यासाठी मासे पकडाच्या जाळ्याले लावतात ते शिशाचे मणी घ्या, डोंगा घरातल्या पाण्याच्या टाक्यात तरंगवून पाहत पाहत ते अगदी तळाशी, मधोमध ठेवा. डोंगा अरुंद असते, वजन थोडं वर गेलं का लगेच कलंडते. पुढं-मागं सरकवून खडूच्या रेघेवर आला का मणी अराल्डाइटनं बसवून टाका आणि हात साबणानं धुवा, शिसं विषारी आहे, पोट्ट्यांच्या हातात मोकळे मणी देऊ नका.

तलावावर न्यायचं तर वारा नसताना, सकाळी. पाण्याची लाट काही स्केलनं लहान होत नाही, 3 इंचाची लाट तुमच्या मॉडेलसाठी 3 फुटाची आहे. ओढून पाहाचा असला तर वेग पण स्केलनं कमी करा, पण 12 पट नाही. 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड या इंजिनिअरनं टाक्यात मॉडेलं ओढून हे सिद्ध केलं का वेग लांबीच्या वर्गमुळावर जाते. 12 चं वर्गमूळ साडेतीनच्या जवळ, म्हणून असली डोंगा ताशी 4 किलोमीटरनं जात असला तर मॉडेल सेकंदाले एक फूट ओढाचं. या वेगानं ओढलं का मागं लाटा हुबेहूब डोंग्यासारख्याच उठतात, व्हिडिओ काढून पाहा, मोठं समाधान मिळते. पहिल्यांदा गळाची दोरी बांधूनच सोडा. मॉडेल आत गेलं म्हणून कोणी पाण्यात उतरू नये, मामा तलावात गाळ असते आणि शिंगाड्याच्या वेली पायात गुंततात, डोंगेवाल्या काकांले हाक मारा.

मोटर लावाची घाई करू नका. लावाचीच असली तर दुसरं मॉडेल करा, रुंद तळाचं, 1:8 स्केलचं, तिथं वजनाले जागा मिळते. पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा ज्या नळीतून बाहेर जाते त्या नळीचं आतलं तोंड पाण्याच्या रेघेच्या वर ठेवा आणि नळीत ग्रीस भरा, पाणी शिराचं मोठं कारण तिथंच असते. शिंगाडा-कमळाच्या तलावात मोटरबोट नेऊच नका.

आता जुन्या बोटींकडं येतो. कोणाच्या शोकेसमध्ये मुंबई-कोकणातून आणलेलं गलबत असते, कोणाच्या आजोबांनी कोरलेला डोंगा असते, वर धूळ, दोरे तुटलेले, कुठं भोकं. पहिलं काम फोटो, सगळ्या बाजूनं, आणि दोरा कुठून कुठं जाते त्याचं चित्र. दुसरं काम कोरडा मऊ ब्रश, आणि मंग किंचित ओला कापूस, तोही आधी खालच्या बाजूले लावून पाहा, रंग येते का. नवं करकरीत करण्याचा मोह आवरा. आजोबांच्या हाताच्या खुणा, पेन्सिलनं लिहिलेलं नाव, घासलेली कड, हे सगळं राहू द्या, तुटलेलं तेवढं जोडा.

भोकांखाली ताजा पांढुरका भुगा पडत असला तर आत किडा जिवंत आहे. रॉकेल ओतल्यानं डाग पडतात. त्यापेक्षा बोट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे 18-20 डिग्रीत दोन आठवडे ठेवा, म्युझियमवाले पण असंच करतात. घरी नसला तर गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये हिवाळ्यात जागा असते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण नॉर्मल होऊ द्या, नाहीतर थंड लाकडावर दव धरते.

चिरांबद्दल माझा आग्रह आहे. मे महिन्यात चीर मोठी दिसली म्हणून त्यात एम-सील ठासू नका. पावसाळ्यात लाकूड फुगते, चीर बंद व्हाले पाहते, मधात दगडासारखं एम-सील असते, मंग लाकूड बाजूले दुसरीकडं फुटते. पावसाळा उलटल्यावर चीर किती राह्यली ते पाहा, आणि त्याच लाकडाची पातळ पाचर करून एकाच बाजूले चिकटवा, दुसरी बाजू मोकळी. किंवा मधमाशीचं मेण भरा, ते दबते. जुन्या मॉडेलले चिकटवाले सरस (कातडी-हाडं उकळून केलेला जुना डिंक) सगळ्यात चांगला, कोमट पाण्यानं परत सुटते, उद्या कोणाले यापेक्षा चांगलं काम येत असलं तर त्याले ते करता येते. जुना पेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकते, ओल्या पेपरनं घासा, तोंडाले मास्क. दोऱ्यासाठी नायलॉन नको, सुती दोरा मेणावरून ओढून घ्या. आणि नीट केलेली बोट कूलरच्या समोर ठेवू नका, चार महिने ओली हवा आणि मंग कोरडी, कोणताच जोड टिकत नाही.

टिनाची पुटपुट बोट, जत्रेत मिळत होती ती, दिव्यावर चालणारी, ती पण दुरुस्त होते आणि पोट्ट्यांले याच्यापेक्षा चांगलं विज्ञान कोणी शिकवू शकत नाही. थॉमस पियो नावाच्या माणसानं 1891 मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं. आत छोटी टाकी, मागं दोन नळ्या. दिव्यानं पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागं ढकलते, बोट पुढं जाते, मंग वाफ थंड होऊन पाणी परत आत ओढल्या जाते. बाहेर जाताना पाण्याची धार एका दिशेनं सुटते, आत येताना पाणी चारी बाजूनं येते, म्हणून बोट मागं येत नाही. टाकीचा वरचा पातळ पत्रा आतबाहेर होते, त्याचाच तो पुटपुट आवाज.

बंद पडलेली बोट असली तर पहिले नळीत सिरिंजनं पाणी सोडून पाहा, दुसऱ्या नळीतून येत नसलं तर आत क्षार साचलेला आहे. कपभर कोमट पाण्यात चमचाभर निंबूसत घोळून सिरिंजनं आत भरा, दोन-तीन तास ठेवा, नंतर साध्या पाण्यानं धुवा, बाहेरच्या छापील रंगाले मात्र लागू देऊ नका. पाणी येते पण टाकीतून गळते, तर डाग, म्हणजे पत्र्याचा जोड, सुटलेला आहे, रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून रांग्याचा (सोल्डरचा) नवा डाग देऊन घ्या. हा रांगा 190 डिग्रीच्या आसपास वितळते, टाकीत पाणी असते तोवर ती शंभराच्या वर फारशी जात नाही म्हणून डाग टिकते, पण कोरड्या टाकीखाली दिवा लावला का डाग सुटते, म्हणून दिवा विझल्याशिवाय बोट पाण्यातून उचलाची नाही. चालवताना एका नळीतून सिरिंजनं पाणी भरा, दुसरीतून थेंब आला का दोन्ही नळ्यांवर हाताचं बोट दाबून ती तशीच पाण्यात ठेवा आणि मंग वात पेटवा. अर्ध्या मिनिटानं आवाज आला नाही तर आत हवा राह्यली, वात विझवा, टाकी थंड होऊ द्या, परत भरा. वात जाड असली तर काजळी धरते आणि आच कमी लागते, समईची बारीक वात आणि थोडं तेल एवढं पुरते.